भांगाच्या दिवशी केळशीला

पावसाळ्याच्या तोंडावर कोकणात बोटीने जाऊ नये, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. माझा जन्म आंजर्ल्याचा. तरीही यंदा वैशाख वद्यात मी भाऊच्या धक्क्यावर उभा होतो. काखेत वळकटी, हातात लिंबांची पिशवी आणि शेजारी वरपिता. भाचीचं लग्न निघालं की मामाने शहाणपण खुंटीला टांगायचं असतं. मी टांगलं होतं.

भाची म्हणजे यमू. माझी धाकटी बहीण केळशीला दिलेली, मेहुणे तिथे शाळामास्तर, आणि यमू त्यांची थोरली. दोन स्थळं सुपारीपर्यंत येऊन मोडली होती. एकदा मुलाच्या आजीला मंगळ दिसला, दुसऱ्यांदा मुलालाच दुसरी मुलगी दिसली. वीस उलटून गेलेल्या मुलीकडे गाव कसं बघतं ते सांगायला नको. तिसरं स्थळ मी पुण्यात शोधलं. मुलगा केशव, कचेरीत कारकून, अबोल. दिवाळीनंतर तो एकटाच केळशीला जाऊन मुलगी बघून आला आणि आठवडाभर माडांविषयी बोलत राहिला. माडांविषयी इतकं कुणी बोलत नाही. मी काय ते समजलो.

त्याचे वडील तात्यासाहेब. रिटायर्ड ओव्हरसीअर, विधुर. उभी हयात रस्ते आखण्यात गेल्यामुळे आपण आखलं की जग तसंच वळतं अशी त्यांची समजूत. कार्तिकातला समुद्र बघून आलेल्या मुलाने घरी सांगितलं होतं, "तळ्यासारखा असतो." त्या भरवशावर त्यांनी पुण्याच्या जोश्याकडून मुहूर्त काढून घेतला: वैशाख वद्य नवमी, सकाळी, सूर्य थोडा वर आल्यावर. मेहुण्यांना त्या तिथीचा अर्थ कळला होता, पण त्यांनी उलट टपाली लिहिलं, "आपली आज्ञा प्रमाण." मुलीचा बाप समुद्राची बाजू घेऊन वरपक्षाशी भांडत नाही.

धक्क्यावर तात्यासाहेबांनी मला पुन्हा बजावलं, "मुहूर्त साधला तर लग्न. चुकला तर योग नव्हता असं समजून आम्ही मुलगा घेऊन परत फिरणार. आधीच सांगून ठेवतो." बाकीच्या वऱ्हाडाने समुद्राचं नाव ऐकून घरूनच आशीर्वाद पाठवले होते. त्यामुळे बापलेक आणि मी, तिघेच. सामान मात्र तेरा जणांचं.

हा प्रवास कुणाला करायचाच असेल तर कामाच्या चार गोष्टी सांगतो. डेकचं तिकीट परवडतं, हमाल परवडत नाही. ओझं आपलं आपण उचलता येईल इतकंच न्यावं. सतरंजी पसरायची ती बोटीच्या मधोमध, इंजिनाच्या उष्म्यापासून दूर आणि उलटी करणाऱ्यांच्या वाऱ्याकडच्या बाजूला. पोटात काही असावं, पण दूध नसावं. जवळ लिंबू आणि आवळासुपारी असावी. आणि सोबत वर्तमानपत्र वाचणारा माणूस नसावा.

तात्यासाहेबांनी पहाटेच पेपर मिळवला होता. "ऐका. अरबी समुद्राच्या दक्षिण भागात हवा बिघडण्याचा संभव." त्यांनी घडी घातली. "दक्षिण भाग म्हणजे मलबार. आपण तिकडे चाललोच नाही."

अलिबागपर्यंत समुद्रानेही तोच पेपर वाचला असावा. पाणी सपाट, आकाश पांढुरकं, उकाडा असा की कठड्याचं लोखंडही घामेजलेलं. एक गोष्ट मला खटकत होती. या दिवसांत पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटायला हवा, गार, शेणामातीचा वास घेऊन येणारा. तो नव्हता. मतलई बंद झाली की दर्याने दार लोटायला घेतलं असं आमच्याकडे समजतात.

जंजिऱ्याच्या पुढे लाट आली. फुटणारी, फेसाळणारी नव्हे. वाऱ्याचा पत्ता नाही, पाण्यावर सुरकुती नाही, आणि खालून एक लांबलचक, तेलकट फुगवटा येतोय. बोट उचलली जातेय, क्षणभर विचार करतेय, आणि खाली जातेय. दमेकऱ्याच्या छातीवर बसल्यासारखं वाटत होतं. बोटीचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, शेजारून चालला होता, त्याला तात्यासाहेबांनी अडवलं.

"वारा नाही तर लाट कुठून आली?"

"वारा आहे की," सारंग म्हणाला. "इथं नाही. मलबारच्या खाली कुठंतरी असेल. लाट आधी येते, तो मागनं येतो."

"आणि इथे पोचणार कधी?"

"ते त्यानं मला कळवलं नाही साहेब."

तात्यासाहेब पेपर तोंडावर घेऊन आडवे झाले. बसण्यासारखी परिस्थितीच नव्हती. केशव कठड्याला धरून होता. मी त्याच्या हातात लिंबू देत होतो आणि तो ते समुद्राला. श्रीवर्धन गेलं, बाणकोट गेलं. किनाऱ्यावरचे माड, तांबडी कातळं, देवळांचे कळस सगळं फार सुंदर दिसतं असं म्हणतात. मी डोळे मिटून होतो.

हर्णैला बोट धक्क्याला लागत नाही, धक्काच नाही. ती सुवर्णदुर्गाच्या अलीकडे लांब उभी राहते आणि मचवे येऊन माणसं उतरवतात. इथे एकच नियम आहे: मचवा वर येत असताना पाय टाकायचा, खाली जात असताना नाही. तात्यासाहेबांनी स्वतःच्या अंदाजाने टाकला. दोन खलाश्यांनी त्यांना हवेत झेलून बटाट्याच्या पोत्यासारखं खाली ठेवलं. तिथून ते खलाशी जातीवर रुष्ट झाले. पुढचं सगळं त्या रोषातून निघालं असं माझं मत आहे.

वाळूवर पाय ठेवले तेव्हा दुपार कलू लागली होती. केळशीला न्यायला मेहुण्यांनी पांडू तांडेलाचा मचवा पाठवला होता. पांडू धिप्पाड, तोंडाळ, आणि हवेविषयी रोज एक भाकीत करणारा. त्यातली निम्मी चुकतात, आणि चुकलेल्यांचा दोष तो हवेला देतो.

"बोजा किती मामा?"

मी तीन ट्रंका, दोन करंड्या, समयांची पेटी आणि आम्ही तिघे, असं सगळं दाखवलं.

"यवढं न्हाय जायाचं. आज भांग हाय."

तात्यासाहेब जागच्या जागी थांबले. "काय आहे म्हणाला?"

"भांग हाय, भांग," पांडूने बहिऱ्याला सांगावं तसं सांगितलं. "कालधरनं हाय. उद्याबी ऱ्हाईल."

"आणि हे तोंडावर सांगतोस?"

"मग काय पाठीमागं सांगू? मला एकट्याला हाय काय? आंजर्ल्याला हाय, केळशीला हाय, समद्या खाड्यांना हाय."

"केळशीलासुद्धा?"

"केळशीला तर बघायलाच नको."

तात्यासाहेबांनी माझ्याकडे वळून अगदी हळू विचारलं, "मास्तरसुद्धा?"

मी दमलो होतो. अंग अजून हलत होतं, वाळू हलत होती, त्यात हे. मी समजावलं की अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं तसा अष्टमीच्या आसपास भांग असतो. म्हणजे भरती मरतुकडी, पाणी पुरतं चढत नाही. केळशीच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. उधाणात त्यावरून भरलेला मचवा जातो, भांगात रिकामा जेमतेम. तेही संध्याकाळची भरती गाठली तर. ही गाठली नाही तर पुढची उद्या सकाळी, म्हणजे आपण खाडीच्या तोंडाशी आणि मुहूर्त गावात.

तात्यासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुम्ही मुलीचे मामा. तुम्ही दुसरं काय सांगणार?"

"पंचांग काढा. आज अष्टमी आहे की नाही?"

"अष्टमी आहे. भांग कुठे लिहिली आहे ते दाखवा."

एव्हाना पांडूच्या डोक्यात प्रकाश पडला होता. "म्हातारा म्हनतो मी भांग प्यालोय?" तो मचव्याच्या कडेवर बसला आणि विडी पेटवली. "ऱ्हायलं. आता मी न्हेतच न्हाय. वायच थांबा, वारा वर जाईल वायव्येला, मग ह्यांच्या ब्रह्मदेवाला सांगा न्यायला."

मी तांडेलाच्या हनुवटीला हात लावला. व्याह्यांच्या पायाला लावायचा तेवढा राहिला होता. भरती कुणासाठी थांबत नाही आणि बोलणी संपत नव्हती. तेवढ्यात एक गाडीवान पुढे आला. "मी पोचवतो की केळशीला. सकाळच्याला दारात." वाटेत दोन खाड्या आडव्या आहेत हे त्याने सांगितलं नाही, आणि तात्यासाहेबांनी विचारलं नाही. रस्ता म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. ते मला म्हणाले, "जमीन खोटं बोलत नाही."

केशव इतका वेळ वाळूवर डोकं धरून बसला होता. तो उठला, बूट काढले, नाड्यांची गाठ मारून गळ्यात अडकवले आणि कोट वडिलांच्या हातात दिला.

"तात्या, मी मचव्याने जातो. सामान गाडीतून येऊ दे, म्हणजे मचवा हलका होईल. तुम्हीही चला ना."

"त्या माणसाबरोबर?"

"गाडी पोचायची नाही तात्या. मी पाहिलीय ती वाट."

"पोचवतो म्हणालाय तो." तात्यासाहेबांनी कोट हातावर नीट घेतला. "तुला जायचं तर जा. पण मी आल्याशिवाय अंतरपाट धरायचा नाही. समजलं?"

केशवने मान हलवली. होकाराची की नुसतीच, ते मला कळलं नाही. म्हातारा येत नाही म्हटल्यावर पांडूने विडी टाकली, आणि केशवपाठोपाठ मीही मचव्यात चढलो.

वारा वायव्येला गेला नाही. पांडूने त्याला आईवरून शिव्या दिल्या, पण आमचा त्यात फायदाच होता. नैर्ऋत्येचा दमट वारा पाठीशी आला, शीड भरलं आणि मचवा उत्तरेला सुटला. डावीकडे समुद्राचा रंग बदलत चालला होता, हिरव्याचा मातकट. क्षितिजावर ढगांची एक खालची, काळी कड. पांडू तिच्याकडे बघत होता आणि गप्प होता, हे काही बरं लक्षण नव्हतं.

खाडीचं तोंड आलं तेव्हा सूर्य खाली होता. दांडा कुठे आहे हे विचारावं लागलं नाही. दिवसभर बोटीखालून निमूट सरकणारी लाट तिथे उथळ पाण्यात येऊन उभी राहत होती आणि कोसळत होती. मध्ये एक अरुंद, कमी फेसाची पट्टी. पांडूने शीड उतरवलं आणि मचवा बाहेरच धरून ठेवला.

"मधी बसा मामा. तळाला. देवाचं नाव घ्या, पन हलू नका."

एक मोठी गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. "वल्हव," पांडू ओरडला आणि आम्ही आत घुसलो. अर्ध्यावर खालून खर्र असा आवाज आला. मचवा टेकला. मागे वळून बघू नये हे मला माहीत होतं, मी बघितलं. पुढची लाट उंच होत होती. दोन खलाशी पाण्यात उतरले, आणि त्यांच्या पाठोपाठ केशव. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. छातीइतक्या पाण्यात खांदा लावून तिघे रेटत होते. लाट आली, मचवा उचलला गेला, आणि क्षणभर मला केशव कुठेच दिसला नाही. मग कडेवर एक हात दिसला. पांडूने मानगुटीला धरून त्याला आत घेतलं. गळ्यातल्या बुटांपैकी एकच उरला होता.

"पोहता येतं काय नवरदेवाला?" पांडूने विचारलं.

"नाही," केशव म्हणाला.

पांडूने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "मग उतरलास कशाला, येड्या?"

मेहुण्यांच्या दारी आम्ही भिजलेले, वाळूने माखलेले पोचलो. केशव सगळ्यांच्या आधी मला म्हणाला, "मामा, घड्याळ चालतंय का तुमचं?" चालत नव्हतं.

सकाळी मांडव तयार होता. केशवच्या अंगावर मेहुण्यांचं धोतर आणि उपरणं. तात्यासाहेबांचा पत्ता नव्हता. शेजारचे दोन जण पाखाडीच्या दगडी वाटेच्या टोकाशी जाऊन वाट बघून आले. भटजींनी घटिकापात्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मेहुण्यांकडे. मेहुणे कुणाकडेच बघत नव्हते. आत माझी बहीण रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं. दोन वेळा रडून झालेलं होतं.

भटजी केशवला म्हणाले, "वेळ भरत आली. काय करायचं ते तुम्ही सांगायचं. वडिलांनी काय सांगितलंय?"

"दोन गोष्टी सांगितल्यात," केशव म्हणाला. "मुहूर्त चुकवायचा नाही. आणि ते आल्याशिवाय अंतरपाट धरायचा नाही."

"दोन्ही कशा व्हायच्या?"

केशवने मान वळवली. आतल्या दारात यमू मुंडावळ्या बांधून उभी होती. तिने मान खाली घातलेली नव्हती; सरळ त्याच्याकडे बघत होती, काय उत्तर येईल ते ऐकायला. माझ्या मनात आलं, हिच्यासमोर 'नाही' म्हणणारा तिसरा माणूस मी स्वतः पुण्याहून आणलाय.

"अंतरपाट धरा," केशव म्हणाला.

नवऱ्यामुलाचा मामा हवा होता, वडीलधारं माणूस हवं होतं. भटजींनी शास्त्रातून वाट काढली आणि मला दोन्हीकडून उभं केलं. यमूला घेऊन आलो, पलीकडे जाऊन नवऱ्यामुलाच्या मागे उभा राहिलो. मंगलाष्टकांच्या मधल्या कडव्याला वाऱ्याने अंतरपाट माझ्या तोंडावर फडकावला. अक्षता पडल्या त्या निम्म्या गल्लीत उडाल्या.

तात्यासाहेब दुपारी आले. पायी. गुडघ्यापर्यंत चिखल, एका हातात केशवचा कोट. आंजर्ल्याच्या खाडीवर पहिला गाडीवान गाडीसह परतला होता. पलीकडे दुसरी गाडी मिळायला पहाट झाली, आणि ती आड्याच्या खाडीत सुकती, म्हणजे ओहोटी, लागून चिखलात रुतून बसली. ट्रंका मागाहून येत होत्या. ते मांडवात उभे राहिले, बोहल्यावरच्या विस्कटलेल्या अक्षता पाहिल्या.

"मुहूर्तावर झालं?"

"मुहूर्तावर झालं," मेहुणे हात जोडून म्हणाले.

"बरं."

केशव आणि यमू पाया पडले. त्यांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला, कोट केशवच्या खांद्यावर टाकला आणि ओटीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. आरडाओरडा झाला असता तर बरं झालं असतं. पंगतीला आले, आग्रहाची जिलबी पानातून बाजूला काढून ठेवली. केशव शेजारी बसून वाढत होता. "तात्या, थोडा भात?" ते हाताने पान झाकायचे.

दुसऱ्या दिवशी हर्णैहून निरोप आला: बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा काळा गोळा चढला, बोटी बंद. यापुढे नारळी पौर्णिमेनंतर. मलबारखालचा वारा पोचला होता. रात्रंदिवस समुद्राचा आवाज असा येत होता की कुणी घराबाहेर जात्यावर दळतंय.

तेव्हा परतीची वाट जमिनीची. ज्यांना समुद्र नको असेल त्यांच्यासाठी तीही सांगतो: केळशीहून दापोलीला बैलगाडी, हाडं मोजून घ्यावीत. दापोलीहून खेडला सर्व्हिस मोटार, ड्रायव्हरला वाटेल तेव्हा सुटणारी. खेडला चहा बरा, भजी ताजी असतील तरच. पोलादपूरहून घाट चढून महाबळेश्वर. तिथे मेच्या अखेरीस गोरे लोक परत निघालेले असतात, त्यामुळे आपल्याला उभं राहायला जागा मिळते. मग वाई, पुणे. धूळ इतकी की पुण्यात उतरलो तेव्हा नवरा-नवरी एकाच रंगाची होती. तात्यासाहेब सगळा वेळ ड्रायव्हरशेजारी बसले आणि वळणं कशी चुकीची आखली आहेत ते त्याला सांगत राहिले. मागे वळून एकदाही पाहिलं नाही. घाटाच्या एका वळणावरून पश्चिमेला दूर समुद्राची चकाकी दिसली. यमूने केशवला दाखवली. तो पाहत होता वडिलांच्या पाठीकडे.

घरी येऊन पंधरवडा मी अंथरुणावर होतो. अजूनही पलंग मधूनच जंजिऱ्याजवळून जातो. या प्रवासातून काय मिळालं असं लोक विचारतात. भाचीचं लग्न झालं, ते मिळालं. बाप आणि मुलगा एका घरात राहून बोलत नाहीत. ते मी मिळवून दिलं असं मला कुणी म्हणत नाही, पण कुणी म्हणालं तर वाद घालायचं अंगात त्राण नाही. केशवचं चुकलं असं मला वाटत नाही. तात्यासाहेब मला भेटले की छत्री माझ्या बाजूच्या हातात घेऊन आड धरतात. पेपर मात्र अजून रोज वाचतात म्हणे, हवेच्या बातमीसकट.

परवा यमूकडे गेलो होतो. सदाशिव पेठेत, आतल्या चौकातल्या दोन खोल्या. केशव कचेरीत, तात्यासाहेब देवळात. तिने चहा टाकला, माहेरची चौकशी केली. ओटीवरच्या घडवंचीवर सासऱ्यांचं धुवट उपरणं तिने नीट घडी करून ठेवलं होतं. सासरे ते तिथून उचलतात, पण तिच्या हातून घेत नाहीत. "घेतील," ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. कपबशी पुढे करून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"मामा, एक विचारू? इथे वारा कुठून येतो तेच मला कळत नाही. सकाळीही नाही, संध्याकाळीही नाही."

मी उठून तिच्या शेजारी उभा राहिलो. समोर हातभर अंतरावर दुसऱ्या घराची भिंत होती. भिंतीवर कुणाचंसं लुगडं वाळत घातलेलं होतं, आणि त्याचा पदर हलत नव्हता.